शेपटी नसलेला कोट

मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर'मध्ये पहिल्याच प्रकरणात टॉम एका अनोळखी मुलाशी मारामारी करतो. त्या मुलाने टॉमचं काही घेतलेलं नसतं, त्याला काही बोललेलंही नसतं. पण त्याच्या अंगात निळ्या कापडाचा, घट्ट बटणं लावलेला, नवा कोरा आखूड कोट असतो आणि पायात बूट असतात, तेही शुक्रवारी. मिसिसिपीकाठच्या त्या गावात रविवारखेरीज असं कोणी सजत नाही. टॉमला ते सहन होत नाही आणि दोघं धुळीत लोळतात. पुस्तक १८७६ सालचं, गोष्ट त्याच्या तीसेक वर्षं आधीची. ट्वेनने त्या कोटाला त्या काळी सर्वांच्या तोंडी असलेलं नाव दिलं आहे, राउंडअबाउट. कमरेशी गोल कापलेला, मागे शेपटी नसलेला, मुलांचा कोट.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मुलांच्या कोटांबद्दल लिहिताना बहुधा नावांची माळ ओवली जाते: स्केलेटन सूट, राउंडअबाउट, झुआव्ह, ईटन, सॅक, नॉर्फोक, फॉन्टलरॉय. प्रत्येकाखाली दोन चित्रं आणि चार ओळी. माळ खरी आहे, पण तिचा दोरा दिसत नाही. माझ्या मते दोरा एकच आहे. पोरगा अजून पोरगाच आहे, पुरुष झालेला नाही, हे त्याच्या अंगावर नेमकं कुठे दाखवायचं? शतकाच्या सुरुवातीला ही खूण कोटात होती. शतक संपेपर्यंत ती कोटातून निघून गुडघ्यावर आली. मधल्या काळात शिवणाचं यंत्र, यादवी युद्ध, तयार कपड्यांचा धंदा आणि एक फार गाजलेली कादंबरी, या सगळ्यांनी त्या प्रवासाला हातभार लावला.

या विषयावर नुसत्या मुलांच्या कोटांना वाहिलेलं मोठं पुस्तक सापडणं कठीण, पण आजूबाजूचं काम भक्कम आहे. क्लॉडिया किडवेल आणि मार्गारेट ख्रिस्टमन यांचं 'सूटिंग एव्हरीवन' १९७४ साली स्मिथसोनियनने काढलं. सामान्य अमेरिकन माणसाच्या अंगावर तयार कपडा कसा आला, हे त्यात पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. कॅरिन कॅल्व्हर्टचं १९९२ सालचं 'चिल्ड्रन इन द हाउस' पाळणा, खुर्ची, झबलं, विजार अशा वस्तूंमधून बालपणाची कल्पना वाचतं. जोन सेवेरा यांनी १९९५ मध्ये १८४० ते १९०० पर्यंतची साध्या लोकांची छायाचित्रं दशकवार लावून प्रत्येक कॉलर आणि बाही तपासली. मायकेल झाकिम यांचं २००३ सालचं 'रेडी-मेड डेमॉक्रसी' पुरुषांच्या सुटाचा आणि अमेरिकन लोकशाहीच्या कल्पनेचा एकत्र विचार करतं. जो पाओलेट्टी यांनी कपड्यांतून मुलगा-मुलगी हा भेद कसा घडत गेला, ते दाखवलं. मात्र यांतल्या बऱ्याच कामांत मुलाचा कोट वाटेत भेटतो आणि मागे पडतो. तो मध्यभागी ठेवून ही पुस्तकं शेजारी शेजारी वाचली की चित्र बदलतं.

सुरुवात कोटाच्या आधीपासून करावी लागते, कारण कोट हा मुलाचा पहिला कपडा नव्हताच. चार ते सात वर्षांचा होईपर्यंत मुलगा बहिणीसारखाच झग्यात वाढे. फ्रँकलिन रूझवेल्टचा १८८४ सालचा अडीच वर्षांच्या वयाचा फोटो प्रसिद्ध आहे. लांब केस, पांढरा झगा, हातात टोपी. आजच्या माणसाला तो पाहून आश्चर्य वाटतं, त्या काळी कोणालाही वाटलं नसतं. लहान पोराला धुणं-पुसणं झग्यात सोपं जाई, आणि बाळाला मुलगा म्हणून वेगळं दाखवायची कोणाला घाईही नव्हती. विजार आणि कोट चढवण्याचा दिवस घरात महत्त्वाचा असे. त्या दिवसापासून तो आईच्या कपड्यांतून निघून बापाच्या बाजूला गेला असं धरलं जाई, पण बापाइतका नाही. ते अंतर दाखवायला मुलाचा म्हणून वेगळा पोशाख हवा होता.

तो पोशाख अठराव्या शतकाच्या अखेरीला युरोपातून आला. जॉन लॉकने १६९३ मध्ये आणि रूसोने १७६२ च्या 'एमिल'मध्ये मुलांना आवळून बांधणाऱ्या कपड्यांवर टीका केली होती. त्यानंतरच्या दोन दशकांत सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या अंगावर स्केलेटन सूट दिसू लागला. वर आखूड, अंगाबरोबर बसणारा कोट, गळ्याशी झालरीची मोठी कॉलर, आणि खाली छातीपर्यंत चढलेली लांब विजार. ती विजार कोटालाच बटणांनी जोडलेली असे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गोयाने काढलेलं स्पॅनिश मुलाचं चित्र आहे, लाल पोशाखातलं, दोरीला बांधलेल्या पक्ष्यासकट. या पोशाखाचा नमुना म्हणून ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत तो १७९० च्या सुमारापासून साधारण १८३० पर्यंत टिकला. चार्ल्स डिकन्सने १८३६ मध्ये लंडनच्या जुन्या कपड्यांच्या बाजाराचं वर्णन करताना त्याची चेष्टा केली, पोराचे पाय काखेखालीच अडकवलेले दिसायचे अशा अर्थाची. म्हणजे तोवर तो जुनापुराणा झाला होता.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं. स्केलेटन सूट आला तेव्हा सभ्य पुरुष गुडघ्याखाली संपणारी तंग विजार आणि लांब मोजे घालत होते. घोट्यापर्यंत पोचणारी विजार खलाशांची, मजुरांची, शेतकऱ्यांची. कॅल्व्हर्टने हे नीट पकडलं आहे: मुलाला पोशाख दिला तो समाजातल्या खालच्या पायरीचा, कारण मुलगाही घरात खालच्या पायरीवर होता. लांब विजार मुलाची आणि आखूड बापाची, अशी १७९० ची स्थिती. शंभर वर्षांनी ती पूर्ण उलटली. पुढे बापांनी लांब विजार उचलली, म्हणजे मोठ्यांनी मुलांचा कपडा घेतला. 'मुलांचे कपडे म्हणजे मोठ्यांच्या कपड्यांची छोटी नक्कल' हे वाक्य या विषयावर सर्रास ऐकू येतं. निदान शतकाच्या सुरुवातीबाबत ते चूक आहे.

१८२० ते १८६० या काळात बाप आणि मुलगा दोघेही लांब विजारीत होते. मग फरक कुठे राहिला? शेपटीत. पुरुषाच्या कोटाला मागे दोन शेपट्या असत किंवा फ्रॉक कोट असला तर गुडघ्यापर्यंत घेर. मुलाचा राउंडअबाउट कमरेशी संपे. समोर एकेरी किंवा दुहेरी बटणांची रांग, बऱ्याचदा पितळी, आणि वर सदऱ्याची पांढरी कॉलर उलटवून खांद्यांवर पसरलेली. टॉमला रविवारच्या शाळेसाठी तयार करताना त्याची मावसबहीण मेरी कोटाची बटणं हनुवटीपर्यंत लावते आणि त्याची भलीमोठी कॉलर खाली पाडते, ते अगदी असंच. त्याच प्रसंगात ट्वेन सांगतो की हा जोड दोन वर्षं फक्त रविवारीच वापरला होता आणि घरात त्याला 'दुसरे कपडे' म्हणत. मध्यम स्थितीतल्या घरातल्या मुलाच्या कपाटाची कल्पना यावरून येते. एक घालायचा, एक राखून ठेवायचा.

हकलबेरी फिनचा कोट याच्या शेजारी ठेवून बघावा. हकच्या अंगात कोट असलाच तर तो टाचांपर्यंत लोंबतो आणि मागच्या कमरेची बटणं कुठल्या कुठे खाली आलेली असतात. तो कोणातरी मोठ्या माणसाने टाकलेला शेपटीचा कोट आहे. पुरुषाचा कोट पोराच्या अंगावर असणं ही त्या काळी मोठेपणाची खूण नव्हती, त्या पोराला कोणी वाली नाही एवढाच त्याचा अर्थ होता. मापाचा आखूड कोट म्हणजे घरी कोणीतरी आपल्यासाठी कापड बेतलं, अस्तर लावलं, काजं केली. ट्वेनने हे समजावून सांगितलेलं नाही. त्याच्या वाचकांना ते माहीत होतं.

कोण बेतत असे? बहुतेक ठिकाणी आई, मावशी, मोठी बहीण. न्यू इंग्लंडमध्ये घरोघर जाऊन काही दिवस मुक्काम करून मुलांचे आणि पुरुषांचे कपडे शिवून देणाऱ्या बायका होत्या. शहरांत हेच काम बायका घरी नेऊन कवडीमोलाने करत, आणि १८३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा शेकडो बायकांनी संप केला होता. पुरुषाचा अंगाबरोबर बसणारा कोट बेतणं हे शिंप्याचं कसब मानलं जाई. मुलाचा राउंडअबाउट मात्र घरच्या हाताला जमण्यासारखा होता, कारण शेपटी नाही, खांद्याची फार बारीक घडण नाही. या कोटाच्या दीर्घायुष्याचं हे एक मोठं कारण असावं. बापाचा विटलेला कोट उलटवून त्यातून मुलाचा निघे. नवं कापड असलं तर कोट वाढत्या अंगाचा शिवत, आणि विजारीला आत चांगली दोन बोटं दुमड ठेवत, पोरगा वाढेल तशी ती उसवून सोडायला. कोट तोकडा झाला की धाकट्याच्या अंगावर जाई, आणि शेवटी चिंध्यांच्या गोणीत. सुती आणि तागी चिंध्यांचा तेव्हा कागद होत असे. म्हणून संग्रहालयांत राउंडअबाउट फार कमी दिसतात. जे उरले ते बहुधा राखून ठेवलेले, म्हणजे नेहमीच्या वापरातले नव्हेत.

आणि ज्यांना कोट मिळालाच नाही, त्यांचं काय? हा विषय पोशाखाच्या सचित्र पुस्तकांतून जवळजवळ नाहीसा होतो, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फ्रेडरिक डग्लसने १८४५ सालच्या आत्मकथनात मेरीलँडमधल्या मळ्यावर गुलाम मुलांना काय मिळे ते लिहून ठेवलं आहे. शेतात काम करण्याइतकं वय न झालेल्या मुलांना वर्षाला जाड्याभरड्या कापडाचे दोन सदरे. बूट नाहीत, मोजे नाहीत, कोट नाही, विजार नाही. सदरे फाटले की पुढच्या वाटपापर्यंत मुलं उघडी फिरत. डग्लसने यादीत कोटाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण त्याच्या उत्तरेकडच्या गोऱ्या वाचकाच्या मनात मुलगा म्हटलं की आखूड कोट येई. बुकर टी. वॉशिंग्टनने १९०१ च्या 'अप फ्रॉम स्लेव्हरी'मध्ये व्हर्जिनियातल्या आपल्या सदऱ्याची आठवण दिली आहे. जवसाच्या खालच्या प्रतीच्या धाग्याचा तो नवा सदरा अंगाला असा टोचे की तो घालणं म्हणजे शिक्षाच होती. त्याचा मोठा भाऊ जॉन आधी काही दिवस तो स्वतः घालून मऊ करून देई. १९३० च्या दशकात सरकारी लेखन प्रकल्पाने पूर्वी गुलामीत राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतही लांब सदऱ्यावर काढलेल्या पोरपणाच्या आठवणी पुन्हा पुन्हा येतात. हेलन ब्रॅडली फॉस्टर यांनी १९९७ च्या पुस्तकात या मुलाखती कपड्यांच्या अंगाने वाचल्या. गोऱ्या घरात विजार आणि कोट चढवण्याचा दिवस हा सणासारखा. मळ्यावर विजार मिळे ती बऱ्याचदा अंग शेतकामाला लायक झाल्यावर. एकाच देशात, एकाच दशकात, मुलगा मोठा झाला हे कोण ठरवणार आणि कशासाठी, याची दोन उत्तरं होती. पहिल्या विजारीचे कौतुकाचे प्रसंग लिहिणाऱ्यांनी दुसरं उत्तरही त्याच पानावर छापायला हवं.

१८५० नंतर राउंडअबाउट मागे पडू लागला. जागा घेणाऱ्यांमध्ये सर्वांत देखणा होता झुआव्ह कोट. अल्जीरियातल्या फ्रेंच पलटणींचा तो पोशाख. कॉलर नाही, फक्त गळ्याशी एक बटण, पुढचे दोन्ही पदर गोलाईने मागे सरकलेले, कडांना फितीची नक्षी. शिकागोच्या एल्मर एल्सवर्थने झुआव्ह कवायतीचं पथक तयार करून १८६० च्या उन्हाळ्यात शहरोशहरी खेळ केले आणि लोक वेडे झाले. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झालं. २४ मे १८६१ रोजी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात एका हॉटेलवरचा दक्षिणेचा झेंडा उतरवून खाली येताना एल्सवर्थ गोळी लागून मेला. तो लिंकनच्या ओळखीतला, त्याचं शव व्हाइट हाउसमध्ये ठेवलं होतं. उत्तरेत घरोघरी त्याचं नाव झालं आणि चार-पाच वर्षांच्या पोरांच्या अंगावर झुआव्ह कोट आले. लिंकनच्या मुलांकडे जॅक नावाची झुआव्ह पोशाखातली बाहुली होती. कामात चुकार म्हणून मुलं तिला मृत्युदंड देत, आणि एकदा लिंकनने तिला कागदावर माफी लिहून दिली. धाकट्या टॅडला युद्धमंत्री स्टँटनने लुटुपुटीचा लेफ्टनंट केलं आणि त्याने अधिकाऱ्याचा छोटा गणवेश घालून फोटो काढून घेतला. हा सगळा खेळ वाटतो खरा, पण त्याच वर्षांत खऱ्या पलटणींत नगारे वाजवणारी, दहा-बारा वर्षांची मुलं होती. ओहायोतला जॉनी क्लेम त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या मापाचा गणवेश मुद्दाम शिवून घ्यावा लागला होता.

झुआव्हच्या कडेवरची ती वळणावळणांची फीत हाताने लावायची तर डोळे फुटायची वेळ. पण आता घरात शिवणाचं यंत्र येत होतं. एलायस हाउचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगरचं १८५१ चं. कापड कापणं मात्र अजून अंदाजाने चाले. 'गोडीज लेडीज बुक' या फिलाडेल्फियाच्या मासिकात मुलांच्या कोटांची चित्रं येत, पण चित्रावरून सहा वर्षांच्या पोराचं माप काढणं हे वाचणारीच्या डोक्यावर. ही अडचण मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या शिंप्याने, एबेनेझर बटरिकने सोडवली. १८६३ मध्ये त्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी बेत विकायला काढले. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की सुरुवातीचे त्याचे बेत पुरुषांचे आणि मुलांचे होते, बायकांचे नंतर आले. मुलांच्या बेतांतला गाजलेला होता गॅरिबाल्डी सूट. इटलीचा तो क्रांतिवीर तेव्हा अमेरिकेत कमालीचा लोकप्रिय होता. व्हरमाँटमधल्या खेड्यातली आई टपालाने आलेला कागद कापडावर टाचून न्यूयॉर्कच्या मुलासारखा कोट कापू शकत होती. मासिकातल्या चित्राने हौस निर्माण केली, पण ती भागवली कागदाच्या या घडीने.

याच सुमाराला पुरुषांच्या कपड्यांत मोठा बदल झाला, आणि मुलांच्या कोटाचा सगळा हिशेब त्याने बदलून टाकला. सॅक कोट आला. कमरेला शिवण नाही, शेपटी नाही, घेर नाही, खांद्यांवरून सरळ खाली येणारा सैल कोट. आजचा सुटाचा कोट हा त्याचाच वंशज. १८५० च्या दशकात तो आरामाचा आणि कामाचा कोट होता, शतक संपेपर्यंत दिवसभराचा सर्वमान्य कोट झाला. अंगाबरोबर बसण्याची अट नसल्याने तो ढीगाने कापून शिवता येई. तयार कपड्यांचा धंदा युद्धाने जन्माला घातला असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. सैनिकांची मापं घेतली गेली, त्यांतून ठरावीक मापांचे गट कळले, हे खरं आहे. पण न्यूयॉर्कचा ब्रुक्स ब्रदर्स १८१८ पासून दुकान चालवत होता आणि तयार सूट तिथे युद्धाच्या दशकभर आधी मिळत होते. युद्धाच्या कितीतरी आधीच तयार कोट हा शहरांतला मोठा धंदा झाला होता, असं झाकिम दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. युद्धाने त्या धंद्याला वेग दिला. मुलांसाठी मापाची सोय याहून सोपी होती: छातीच्या मापाऐवजी वय. चार वर्षांचा, आठ वर्षांचा, बारा वर्षांचा. बापाच्या कोटावर इंच आणि पोराच्या कोटावर वर्षं, अशी पद्धत पडली आणि टिकली.

बापानेच शेपटी सोडली, तेव्हा मुलाच्या कोटाला शेपटी नसण्यात काही अर्थ उरला नाही. १८७० च्या दशकातले फोटो पाहावेत. दहा वर्षांच्या मुलाच्या अंगातला कोट बापासारखाच, लहान लॅपल, फक्त वरचं बटण लावलेलं, खाली जाकीट दिसेल असा. कापडही बहुधा तेच. आता वय दाखवण्याचं काम विजारीवर आलं. १८६० च्या दशकापासून मुलांची विजार आखूड होत गुडघ्याशी येऊन थांबली, खाली काळे लांब मोजे. पुढे शहरी मुलाला लांब विजार बहुधा चौदा-पंधराव्या वर्षी मिळे, आणि तो दिवस पूर्वीच्या पहिल्या विजारीच्या दिवसाइतकाच मोलाचा झाला. खूण सरकली ती अशी. फॅशनच्या इतिहासांत आखूड विजारीचं श्रेय कधी इंग्लंडला, कधी खेळांच्या वाढत्या आवडीला दिलं जातं. तेही असेल, पण मला वाटतं मूळ कारण कोटातच आहे. मोठ्यांनी मुलांची जुनी खूण वापरून टाकली होती, नवी शोधणं भाग होतं.

सॅक कोटाने आणखी एक गोष्ट केली. गरीब मुलाच्या अंगावर तो आला की त्याच्याकडे बघण्याची नजर बदलू लागली. होरेशियो अल्जरची 'रॅग्ड डिक' ही १८६८ ची कादंबरी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बूट पुसणाऱ्या मुलाची आहे. त्याचा फाटका ढगळ कोट जॉर्ज वॉशिंग्टनचा आणि विजार नेपोलियनची, असं तो हसत सांगतो. फ्रँक नावाच्या मुलाला शहर दाखवायचं काम मिळतं, तेव्हा त्याला फ्रँकचा वापरलेला पण नीटनेटका राखाडी सूट घालायला मिळतो, आणि लोक त्याच्याशी वेगळं वागू लागतात. अल्जरच्या पुस्तकांनी प्रामाणिकपणाचा आणि कष्टाचा पुरस्कार केला असं आपण म्हणतो, पण कथेला पहिला धक्का मिळतो तो सुटाने.

इथपर्यंत आलेला प्रवाह सरळ यंत्राच्या आणि बापाच्या कोटाच्या दिशेने चालला होता. मग १८८५ आलं. 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात त्या नोव्हेंबरपासून फ्रान्सिस हॉजसन बर्नेटची 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' क्रमशः येऊ लागली, आणि १८८६ मध्ये पुस्तक निघालं. बर्नेट मँचेस्टरला जन्मली, पोरवयात कुटुंबाबरोबर टेनेसीत आली आणि लिहून घर चालवू लागली. नायक सेड्रिक न्यूयॉर्कमध्ये वाढलेला. वाणी मिस्टर हॉब्स आणि बूट पुसणारा डिक हे त्याचे जिवलग. अचानक तो इंग्रज सरदाराचा वारस निघतो. काळी मखमली आखूड कोट-विजार, लेसची कॉलर, खांद्यांवर सोनेरी कुरळे केस. रेजिनल्ड बर्चच्या चित्रांनी हा वेष देशभर पोचवला. बर्नेटने स्वतः असे मखमली कपडे आपल्या दोन्ही मुलांसाठी शिवले होते आणि धाकटा व्हिव्हियन हा सेड्रिकचा नमुना. वेष अगदी नवा नव्हता. गेन्सबरोच्या १७७० च्या 'ब्लू बॉय' चित्राचा त्यात वास आहे, आणि १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्डने मखमली कोट आणि गुडघ्याची विजार घालून अमेरिकेत व्याख्यानं दिली होती, त्या वेषाशीही साम्य उघड दिसतं. १८८८ मध्ये नाटक आलं आणि न्यूयॉर्कला सेड्रिकची भूमिका एल्सी लेस्ली या मुलीने गाजवली. पुढची काही वर्षं तीन ते आठ वयाच्या असंख्य मुलांचे फोटो त्याच मखमलीत, त्याच कॉलरीत आहेत.

फॉन्टलरॉयचा इतिहास बहुधा बिचाऱ्या पोरांवरच्या अत्याचाराची कहाणी म्हणून लिहिला जातो. कंगव्याचे चटके आणि शाळेतली टिंगल सहन केलेल्या मुलांच्या कहाण्या खूप आहेत, त्यांतल्या काही खऱ्याही असतील. मला मात्र आईकडे बघावंसं वाटतं. नेहमीचा कोट आता दुकानातून येत होता. तिच्या आईने आणि आजीने ज्या कपड्यातून पोराची काळजी घेतली, तो तिच्या हातून गेला होता. मखमलीचा हा कोट ती घरी शिवू शकत होती. लेस विणता येत होती, चुण्या घालता येत होत्या, केस विंचरता येत होते. पोराला पुरुषांच्या बाजारात सोडण्याआधी दोन-तीन वर्षं जास्त मागून घेण्याची ती धडपड होती असं मी मानतो. त्यात मुलाच्या इच्छेला किंमत नव्हती, हेही तितकंच खरं. आणि खटकते ती एक गोष्ट: कादंबरीतला सेड्रिक वाण्याशी आणि बूट पुसणाऱ्याशी बरोबरीने वागतो, तोच तिचा गाभा. वाचकांनी कोट घेतला आणि ती बरोबरी सोडून दिली. व्हिव्हियनची तर आयुष्यभर या वेषातून सुटका झाली नाही. १९३७ मध्ये उलटलेल्या होडीतल्या चौघांना वाचवायला मदत करून तो मेला, तेव्हाही वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो फॉन्टलरॉयच होता.

बाकीचे कोट थोडक्यात. खलाशी पोशाख १८४६ मध्ये व्हिंटरहाल्टरने काढलेल्या इंग्लंडच्या छोट्या राजपुत्राच्या चित्रापासून सुरू झाला आणि १८७० नंतर अमेरिकेत पसरला. त्याचा सैल झंपर मुलांना खरोखर सुखाचा होता. स्कॉटिश घागऱ्याचा किल्ट सूट झग्यातून विजारीत येण्याच्या मधल्या वयाला, बहुधा वर आखूड कोटासह. ईटन कोट इंग्लिश शाळेचा, अमेरिकेत सणासुदीपुरता. छाती-पाठीवर उभ्या चुण्या आणि कमरेला पट्टा असलेला नॉर्फोक कोट इंग्रज शिकाऱ्यांचा. १८९० नंतर तो मुलांमध्ये रुजला आणि नव्या शतकात सॅक कोटाच्याही पुढे गेला.

एका कोटाचं नाव मात्र यादीत सहसा नसतं. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलमध्ये १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने मूलनिवासी मुलांसाठी वसतिशाळा काढली. मुलं आली की केस कापायचे, घरचे कपडे काढून घ्यायचे आणि लष्करी घाटाचा बंद गळ्याचा कोट चढवायचा. जॉन चोट या छायाचित्रकाराने 'आधी' आणि 'नंतर' असे जोडफोटो काढले. नवाहो जमातीच्या टॉम टॉर्लिनोचे फोटो सर्वांत जास्त छापले गेले. पहिल्यात लांब केस, गळ्यात माळा, खांद्यावर घोंगडं. दुसऱ्यात कोट, कॉलर, टाय. हे फोटो विकले गेले, पैसे जमवायला वापरले गेले. बाकीच्या अमेरिकेत कोटाचा प्रश्न मुलाच्या वयाचा होता. इथे तोच कोट एका जमातीच्या भाषेला आणि घराला पुसण्यासाठी वापरला गेला, आणि पोशाखाच्या इतिहासाने हे पान वगळू नये.

शतकाच्या शेवटच्या दशकात खेड्यापाड्यांत सूट टपालाने येऊ लागला. माँटगोमेरी वॉर्ड १८७२ पासून सूचिपत्र काढत होता, पाठोपाठ सीअर्स आला, आणि १८९६ पासून सरकारी टपाल थेट शेतावर पोचू लागलं. हे सूट शिवले जात होते शहरांतल्या कोंदट खोल्यांत. जेकब रीसने १८९० च्या 'हाउ द अदर हाफ लिव्ह्ज'मध्ये न्यूयॉर्कच्या लडलो स्ट्रीटवरची एक खोली दाखवली आहे. तिथे पुरुष, एक बाई, दोन लहान मुली आणि एक मुलगा यंत्रांवर मुलांच्या गुडघ्याच्या विजारी शिवत असतात. मुलगा न विचारताच आपलं वय पंधरा सांगतो, आणि रीसला ते खोटं असल्याचं दिसतं. दुसऱ्या मुलांच्या बालपणाची खूण शिवणारा तो पोरगा स्वतः वय वाढवून सांगत होता, कारण कामावर राहायला ते गरजेचं होतं. गुडघ्यावरची ती खूण अमेरिकेत पुढे १९३० च्या दशकापर्यंत टिकली, आधी सरळ आखूड विजार, मग गुडघ्याशी चुणीदार निकर्स. कोट मात्र तोवर पूर्णपणे बापाचा झाला होता.